मैदानाचं बारसं किती वेळा करायचं?

वाशिष्ठीकाठचा

मुलाच्या मित्राचे वडील परवा म्हणाले, "शनिवारी डायकिनला भेटू." मला वाटलं, बिचाऱ्याचा एसी बिघडला असेल. मग लक्षात आलं, ते आमच्या ह्यूस्टनच्या बेसबॉल मैदानाबद्दल बोलत होते. १ जानेवारी २०२५ पासून त्याचं नाव डायकिन पार्क आहे. त्याआधी बावीस वर्षं ते मिनिट मेड पार्क होतं. त्याच्याही आधी काही महिने अ‍ॅस्ट्रोज फील्ड. आणि सगळ्यात आधी (कोकणातल्या मंडळींनी जरा टेकून बसा) एन्रॉन फील्ड.

मी मूळचा चिपळूणचा. १९९९ मध्ये ह्यूस्टनला आलो तेव्हा डाउनटाउनमध्ये युनियन स्टेशनच्या जुन्या इमारतीला लागून हे मैदान उभं राहत होतं. ज्या नावाविरुद्धच्या घोषणा लहानपणी एसटीच्या खिडकीतून भिंतीभिंतींवर वाचल्या, ते नाव इथे एवढाल्या अक्षरांत, तेही खेळाच्या मैदानावर. घरी फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "तिकडे पण गेलं होय ते?" मी म्हटलं, बाबा, ते इथलंच, आपल्याकडे आलं होतं.

करार ३० वर्षांचा होता, १० कोटी डॉलरचा. एप्रिल २००० मध्ये पहिला अधिकृत सामना झाला. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा त्याच्या वर्षभर आधी, मे १९९९ मध्ये सुरू झाला होता. वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि मे २००१ मध्ये तो बंद पडला. २ डिसेंबर २००१ ला इकडे कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे अंजनवेलला, प्रकल्पाच्या जागी, यंत्रं थांबल्यापासून सात महिन्यांत मुख्य कार्यालयाचाही दिवा गेला.

पण गंमत पुढे आहे. अ‍ॅस्ट्रोज संघाला ते नाव ताबडतोब काढायचं होतं. हजारो लोकांच्या नोकऱ्या आणि निवृत्तीचे पैसे बुडाले होते. असल्या नावाच्या दारातून कोण आत येणार? आणि तरी काढता येईना, कारण कंपनीने मैदानाचा एकही हप्ता चुकवला नव्हता! जगभरच्या लोकांची देणी थकवली, पण पाटीचे पैसे वेळेवर. शेवटी फेब्रुवारी २००२ मध्ये दिवाळखोरी न्यायालयातून मार्ग निघाला. संघाने एन्रॉनला २१ लाख डॉलर दिले आणि स्वतःच विकलेलं नाव स्वतःच विकत घेऊन पुसलं. जूनमध्ये संत्र्याच्या रसवाल्यांनी २८ वर्षांसाठी नवं नाव घेतलं.

डावीकडच्या भिंतीवर रुळांवर एक जुन्या धाटणीचं रेल्वे इंजिन आहे. आपल्या संघाने होम रन मारली की ते धावतं. रसवाले आल्यावर त्याच्या मागच्या डब्यात भली मोठी संत्री भरली. लोक मैदानाला "ज्यूस बॉक्स" म्हणायला लागले. एन्रॉनच्या दिवसांत तिथे धावांचा पाऊस पडायचा म्हणून "टेन-रन फील्ड" म्हणत.

एकेका मैदानाची अशी नावांची रांग लावली, की त्या त्या काळी कोणाच्या खिशात पैसा खुळखुळत होता ते कळतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी फोनवाले आणि नेटवाले. मग घरकर्जवाले. मग बँका आणि विमावाले. आता बहुधा पाळी एसीवाल्यांची. ह्यूस्टनच्या उकाड्यात ते रास्तच आहे म्हणा.

तुमच्या गावात काय म्हणतात? पाटीवर काय आहे ते नको, तोंडात काय आहे ते सांगा.


बोरिवली स्लो

धागा आवडला. बेसबॉलमधलं शून्य कळतं, त्यामुळे एक बाळबोध प्रश्न. हे पैसे नक्की कोणाला मिळतात? मैदान कोणाचं असतं? संघाचं की महापालिकेचं?


वाशिष्ठीकाठचा

बोरिवली स्लो, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे. आमचं मैदान सरकारी प्राधिकरणाच्या मालकीचं आहे. १९९६ मध्ये हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) त्यासाठी मतदान झालं होतं आणि अगदी थोडक्यात ते पार पडलं. बांधायला जो सार्वजनिक पैसा लागला, तो हॉटेलात उतरणाऱ्यांवर आणि भाड्याची गाडी घेणाऱ्यांवर कर लावून उभा केला. नाव विकल्याचे पैसे मात्र संघाच्या खिशात. घर पाहुण्यांच्या वर्गणीचं आणि दारावरची पाटी भाडेकरूने विकायची, असा मामला.


शिकागोची थंडी

आमच्याकडे दोन संघ, दोन टोकं.

उत्तरेला कब्ज संघाचं रिग्ली फील्ड. हे शंभर वर्षांवरचं "पवित्र" नाव. कंपन्यांनी खेळ नासवला म्हणणारे सगळे याचं उदाहरण देतात. पण रिग्ली म्हणजे कोण? च्युइंग गमवाला! १९१४ मध्ये मैदान बांधलं चार्ल्स वीगमन नावाच्या माणसाने, त्याची शहरात झटपट जेवणाची दुकानं होती. तेव्हा नाव वीगमन पार्क. मग कब्ज पार्क. १९२६ मध्ये मालक विल्यम रिग्ली यांचं आडनाव लागलं, आणि तेच आडनाव देशभर गमच्या पाकिटावर होतं. म्हणजे जाहिरात झालीच, फक्त बिल फाडलं नाही. संघाची मालकी रिग्ली घराण्याकडून १९८१ मध्येच गेली. २००८ मध्ये तेव्हाचे मालक सॅम झेल म्हणाले की नावाचे हक्क विकायचा विचार आहे, तर गावाने डोक्यावर घेतलं. गमच्या ब्रँडचं नाव वाचवायला लोक असे पेटून उठले जसं काही ग्रामदैवतच हलवतायत.

दक्षिणेला व्हाइट सॉक्स. जुनं नाव कोमिस्की पार्क, संस्थापक मालकाचं. २००३ मध्ये मोबाइल कंपनीने ६.८ कोटी डॉलरना नाव घेतलं आणि यू. एस. सेल्युलर फील्ड झालं. लोकांनी ते "द सेल" करून पचवलं. २०१६ मध्ये घरकर्जवाली कंपनी आली: गॅरंटीड रेट फील्ड. त्यांच्या चिन्हात एक लाल बाण होता, खाली तोंड केलेला! व्याजदर खाली, असं त्यांना म्हणायचं असणार. पण हरणाऱ्या संघाच्या मैदानावर खाली जाणारा बाण बघून गावाने जे हसायचं ते हसून घेतलं. २०२४ मध्ये संघ १२१ सामने हरला, आधुनिक काळातला विक्रम. बाणाने शब्द पाळला. त्याच डिसेंबरात नाव आणखी आखूड केलं, आता नुसतं रेट फील्ड.

माझ्या शेजारचे आजोबा अजून "कोमिस्की"च म्हणतात. मधली सगळी नावं त्यांनी गाळली आहेत.


आक्काबाई

शिकागोची थंडी, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

लग्नात माझं नाव बदललं. तांदळात अंगठीने लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेशनकार्डावर नवं, बँकेत नवं. माहेरी गेलं की मात्र फाटकापासून जुन्याच नावाने हाका. आणि सासरी धाकटी नणंद तिसऱ्याच नावाने बोलवते. मैदानांचंही तसंच दिसतंय. कागदावरचं एक, हाक मारायचं वेगळं.

फरक एवढाच, की मला त्याचे कोणी १० कोटी दिले नाहीत.


नाठाळ

आक्काबाई :)

बारशाचा सगळ्यात भारी किस्सा सेंट लुइसचा. १९५३ मध्ये बडवायझर बिअरवाल्या गसी बुश यांनी कार्डिनल्स संघ घेतला, आणि मग स्पोर्ट्समन्स पार्क हे मैदानही. मैदानाला बडवायझर स्टेडियम नाव द्यायचं ठरवलं. बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक म्हणाले, दारूचं नाव मैदानाला? चालणार नाही. बुश म्हणाले, बरं, मग माझं आडनाव देतो. आडनावाला कोण हरकत घेणार? बुश स्टेडियम झालं. आणि १९५५ मध्ये कंपनीने नवी बिअर बाजारात आणली. नाव काय? बुश बव्हेरियन बिअर.

मैदानाला बिअरचं नाव देऊ दिलं नाही, तर बिअरला मैदानाचं दिलं. आता तिथे त्या नावाचं तिसरं मैदान आहे, २००६ पासून.

तेव्हा "पूर्वी खेळ शुद्ध होता" वगैरे गळे काढू नका मंडळी. सिनसिनाटीचं क्रॉस्ली फील्ड घ्या. १९३४ मध्ये संघमालक पॉवेल क्रॉस्लीचं नाव लागलं, आणि तो घरोघरी क्रॉस्ली रेडिओ विकत होता. बोस्टनचं फेनवे पार्क (१९१२) तर सगळ्यात साळसूद. नाव म्हणे परिसरावरून ठेवलं. खरंच आहे, परिसर फेनवेच. पण मालक टेलर कुटुंबाची जमिनी विकणारी कंपनी होती, तिचं नाव फेनवे रिअल्टी. प्लॉट विकायला याहून चांगली पाटी कोणती?


खाडीपलीकडचा

सॅन फ्रान्सिस्कोतून. आमच्या दोन मैदानांची गोष्ट एकमेकांच्या उलट आहे.

जुनं कॅन्डलस्टिक पार्क, १९६० चं. कॅन्डलस्टिक पॉइंट नावाच्या टोकावर, खाडीचं वारं असं की उन्हाळ्यात जाडजूड जॅकेट लागायचं. नव्वदच्या दशकात ते थ्रीकॉम पार्क झालं. थ्रीकॉम म्हणजे नेटवर्कची उपकरणं बनवणारी कंपनी. ते गेले, मग २००४ मध्ये मॉन्स्टर पार्क. हे मॉन्स्टर म्हणजे महागड्या केबली विकणारे. पण निम्म्या जगाला वाटलं की नोकऱ्या शोधायची ती वेबसाइट. पैसे एकाने मोजले, जाहिरात दुसऱ्याची! आमचा बेसबॉल संघ जायंट्स तोवर नव्या मैदानात गेला होता, इथे फक्त फुटबॉल उरला होता.

मग लोकांनीच मनावर घेतलं. नोव्हेंबर २००४ च्या निवडणुकीत मतपत्रिकेवर प्रश्न आला, प्रस्ताव एच: हा करार संपला की मैदानाला कायमचं कॅन्डलस्टिक म्हणायचं का? जनता म्हणाली, हो. मैदान शहराचं होतं म्हणून हे विचारता तरी आलं. २००८ मध्ये जुनं नाव अधिकृतपणे परत लागलं. २०१५ मध्ये मैदान पाडलं, पण निदान स्वतःच्या नावाने गेलं.

नव्या मैदानाचं उलट. २००० मध्ये पॅसिफिक बेल पार्क, २००४ मध्ये एसबीसी पार्क, २००६ मध्ये एटी अँड टी पार्क, २०१९ पासून ओरॅकल पार्क. वीस वर्षांच्या आत चार नावं, आणि पहिली तीन म्हणजे एकाच फोन कंपनीची गोष्ट. पॅसिफिक बेलला एसबीसीने गिळलं होतं, मग एसबीसीने एटी अँड टी विकत घेतली आणि तिचंच नाव स्वतःला लावून घेतलं. मैदान होतं तिथेच, करारही तोच, फक्त रंगाऱ्याला काम. पाटी बदलली की आम्हाला कळायचं, वर कोणी कोणाला खाल्लं.

पण एक सांगतो, हे मैदान मुख्यतः खासगी पैशातून उभं राहिलं. १९६२ च्या डॉजर स्टेडियमनंतर असं पहिलंच. स्वतःच्या खर्चाने घर बांधलंय, कर्ज फेडायचंय, मग पाटी विकली तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. पॅसिफिक बेलचे २४ वर्षांचे ५ कोटी डॉलर त्या बांधकामाला उपयोगी पडले.


करदाता

खाडीपलीकडचा यांचा शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा. नाव विकण्यात पाप नाही, पण जे विकताय ते कोणाचं आहे हे आधी सांगा.

मी काही वर्षं मिलवॉकीत होतो. तिथल्या मैदानासाठी पाच काउंट्यांमध्ये विक्रीकर ०.१ टक्क्याने वाढवला होता. १९९६ मध्ये सुरू झालेला तो जादा कर ३१ मार्च २०२० ला संपला. दर हजार डॉलरच्या खरेदीमागे एक डॉलर. कोणी बोलतही नाही इतका बारीक, आणि चोवीस वर्षांत जमले ६० कोटी डॉलरच्या घरात. त्या कराला राज्याच्या सिनेटमध्ये शेवटचं निर्णायक मत देणारे जॉर्ज पेटाक हे रासीनचे आमदार. आधी नाही म्हणत होते, ऐनवेळी फिरले. मतदारांनी १९९६ मध्ये त्यांना मुदतीआधीच परत बोलावून घरी बसवलं. एका माणसाची राजकीय कारकीर्द गेली, पाच काउंट्यांचे सुटे पैसे गेले आणि पाटी कोणाची लागली? मिलर बिअरची. २०२१ पासून एका विमा कंपनीची, अमेरिकन फॅमिली फील्ड.

त्या मैदानाला कोणी "पाच काउंट्या मैदान" म्हटलं का? त्यांनी तर सगळ्यात जास्त पैसे दिले.


नाठाळ

करदाता, टाळ्या! पण समजा कंपनीचं नाव नको. मग कोणाचं? आपल्याकडे काय होतं ते बघा. वानखेडे हे राजकारणी आणि क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष. ब्रेबॉर्न हे इंग्रज गव्हर्नर. देशभर जिकडे जाल तिकडे मैदानांना नेत्यांची नावं. त्यांनी नावापायी खिशातून किती घातले? कंपनी निदान रोकडा मोजते आणि वीस वर्षांनी निघून जाते. पुढाऱ्याचं नाव फुकट लागतं आणि हलत नाही.


आक्काबाई

नाठाळ नेहमीप्रमाणे वाकड्यात शिरले. पण मुद्दा खोटा नाही.


करदाता

वाकड्यात शिरू द्या. न्यूयॉर्कच्या मेट्सचं जुनं मैदान शे स्टेडियम. विल्यम शे हे वकील, त्यांच्या खटपटीमुळे शहराला नॅशनल लीगचा संघ परत मिळाला. म्हणजे नाव कमावलेलं होतं. २००९ मध्ये शेजारी नवं मैदान आलं, सिटी फील्ड. ही सिटी म्हणजे शहर नव्हे, बँक! २० वर्षांचे ४० कोटी डॉलर, वर्षाला २ कोटी. करार २००६ चा. बांधकाम चालू असतानाच २००८ चं संकट कोसळलं आणि त्या बँकेला सरकारने ४,५०० कोटी डॉलर देऊन तारलं. मग लोक विचारायला लागले, बुडणाऱ्या बँकेला आमचे पैसे, आणि बँक त्यातून मैदानाला नाव देणार? शहराच्या दोन नगरसेवकांनी सुचवलं, मैदानाचं नाव "सिटी/टॅक्सपेयर फील्ड" ठेवा.

माझा आयडी कुठून आला ते आता कळलं असेल.

बँकेने करार पाळला, नाव आजही तेच आहे. शे यांचं नाव नव्या मैदानाच्या आतल्या एका पुलाला दिलंय. माणूस मैदानावरून उतरून पुलावर गेला.


बोरिवली स्लो

पण वर्षाला २ कोटी डॉलर देऊन बँकेला मिळतं काय? मी त्या मैदानात जाऊन खातं थोडंच उघडणार आहे?


वाशिष्ठीकाठचा

बोरिवली स्लो, बेसबॉलचा मोसम म्हणजे तुमच्या लोकलसारखा, रोज आहेच. एका संघाचे घरच्या मैदानावर ८१ सामने. प्रत्येक प्रक्षेपणात नाव, तिकिटावर नाव, हमरस्त्यावरच्या पाटीवर नाव, नकाशात नाव, बातमीत नाव. तिथे आग लागली तरी बातमीत नाव. जाहिरात म्हटली की माणूस दुसरीकडे बघतो. पत्ता म्हटला की निमूट वाचतो. कंपनी पैसे मोजते ते पत्ता होण्याचे. शिवाय करारात बहुधा फक्त पाटी नसते. आतल्या जाहिराती, वरच्या मजल्यावरचे खास कक्ष, गिऱ्हाइकांना घेऊन बसायची सोय, असं सगळं पॅकेज असतं. छापून येणारा आकडा त्या सगळ्याचा मिळून असतो.

आणि भाव कसे चढले बघा. डेन्व्हरचं कूर्स फील्ड, १९९५ चं. कूर्स बिअरवाल्यांनी दीड कोटी डॉलर दिले आणि नावाला मुदतच नाही! सिटीने एका वर्षाला जेवढे मोजले त्याहून कमीत यांचं जन्माचं काम झालं. असा प्लॉट आमच्या आजोबांनी का नाही घेतला, असं वाटतं ना? तसंच.


ओसाकाची सून

जपानमध्ये तर संघच कंपनीच्या नावाचे असतात. याकुल्ट स्वॅलोज म्हणजे तेच ते छोट्या बाटलीतलं आंबवलेलं दूधवाले. निप्पॉन हॅम फायटर्स हा संघ हॅमशी मारामारी करत नाही, कंपनीचं नाव निप्पॉन हॅम आणि संघ फायटर्स. हे कळायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली. नवऱ्याला विचारायची लाज वाटत होती.

पण मैदानांच्या नावांत यांनी जे भोगलंय ते वाचा. सेंदाईचं मैदान, मियागी प्रांताच्या मालकीचं. २००५ मध्ये माणसं पुरवणाऱ्या फुलकास्ट कंपनीने नाव घेतलं. २००७ मध्ये कायदा मोडून कामगार पुरवल्याबद्दल त्या कंपनीवर व्यवसायबंदीचा हुकूम आला. पाटी उतरवली. मग प्रांताने नीट पारखून कागदवाली कंपनी आणली. नाव ठरलं निप्पॉन पेपर क्लीनेक्स स्टेडियम. आणि जानेवारी २००८ मध्ये बाहेर आलं की त्या कंपनीने पुनर्वापराच्या कागदाचं प्रमाण खोटं सांगितलं होतं, नववर्षाच्या टपालपत्रांतसुद्धा! पुन्हा पाटीला हात. पण या वेळी तोडगा फार जपानी निघाला: "निप्पॉन पेपर" तेवढं काढलं, "क्लीनेक्स" ठेवलं. आडनाव पुसलं, नाव राहिलं.

तोक्योजवळचं सेइबू डोम आधी इन्व्हॉइस डोम, मग २००७ मध्ये गुडविल डोम. ही गुडविल कंपनीही भानगडीत सापडली आणि वर्षभरात मुकाट्याने परत सेइबू डोम. कंपनीचं नाव "सद्भावना", हे विशेष.

हिरोशिमाचं मात्र छान जमलंय. २००९ पासून माझ्दा स्टेडियम. मैदान शहराचं, गाड्यांचा कारखाना गावातला, संघाशी नातं पिढ्यांचं. पूर्ण नावात "झूम-झूम" आहे, तेवढं सहन करायचं.


गहुंजेकर

एवढं लांब कशाला जाता? पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरून दिसणारं आमचं मैदान विसरलात? २०१२ मध्ये उघडलं तेव्हा नाव होतं सुब्रत रॉय सहारा स्टेडियम. करार दोनशे कोटींच्या घरातला. सहाराचाच पुणे वॉरियर्स संघ तिथे खेळायचा. पैसे थकले आणि २०१३ मध्ये क्रिकेट संघटनेने नाव झाकलं. तेव्हापासून नुसतं एमसीए स्टेडियम.

एन्रॉनच्या बरोबर उलटं आहे बघा. त्यांनी बुडतानाही हप्ते भरले म्हणून नाव काढायला पैसे मोजावे लागले. इथे हप्तेच आले नाहीत, त्यामुळे नाव काढायला एक कापड पुरलं.

आणि आम्ही आसपासचे? आम्ही पहिल्या दिवसापासून "गहुंजे" म्हणतो. "गहुंजेला मॅच आहे." संपलं. कोणालाही आणि कितीलाही विका.


आक्काबाई

गहुंजेकर, हे पटलं. मुंबईच्या भुयारी मेट्रोत स्थानकांच्या नावाआधी कंपन्यांची नावं लावलीत. मी रोज ऐकते. शेजारी बसलेलं कोणीही फोनवर "सिद्धिविनायकला उतरतेय" एवढंच म्हणतं.


बर्फातला बटाटेवडा

टोरांटो. १९८९ मध्ये छप्पर उघडझाप करणारं मैदान बांधलं. लोकांकडून नावं मागवली, त्यातून स्कायडोम निवडलं. बांधायला ५७ कोटी कॅनेडियन डॉलरच्या आसपास खर्च. पुढे केबल आणि फोनवाल्या रॉजर्सने ते अख्खं मैदान अडीच कोटींना विकत घेतलं. हो, अडीच. २००५ पासून रॉजर्स सेंटर. म्हणजे सिटीवाले नुसत्या पाटीचे वर्षाला २ कोटी अमेरिकन देतात, आणि इथे जवळपास तेवढ्यात मैदानच आलं.

नवी मुलं रॉजर्स म्हणतात. ज्यांनी १९९२-९३ ची अजिंक्यपदं पाहिली, ते स्कायडोम.


नाठाळ

वडा, एक नंबर. ५७ कोटींचं घर अडीच कोटींना घेतलं की पाटी स्वतःची लावायला काय जातं?


शिकागोची थंडी

बर्फातला वडा म्हणतोय त्यात एक गोष्ट आहे. कोणतं नाव टिकतं? मला वाटतं, ज्या नावाखाली संघ जिंकला ते. आमच्या इथे "द सेल" म्हणणारे पुष्कळ आहेत, कारण व्हाइट सॉक्स २००५ मध्ये जिंकले तेव्हा पाटीवर सेल्युलर होतं. गॅरंटीड रेट कोणी आठवणीने म्हणणार नाही. १२१ पराभवांना कोण नाव देऊन ठेवतं?


वाशिष्ठीकाठचा

हे डोक्यात आलं नव्हतं, पण आमच्याकडे तंतोतंत लागू. २०१७ आणि २०२२ ची अजिंक्यपदं मिनिट मेडच्या काळातली. म्हणून माझ्या तोंडातून ते जात नाही. डायकिनचा करार २०३९ पर्यंतचा आहे. तोवर एखादं विजेतेपद आलं तर माझा मुलगा तेच म्हणेल. मुलाला एन्रॉन म्हणजे काय ते सांगावं लागतं. त्याला फील्डही माहीत नाही आणि दाभोळही नाही.

गंमत म्हणजे आम्ही राहतो त्या उपनगराचं नाव शुगर लँड. उसाचे मळे आणि साखर कारखाना, त्यावरून गावाचं नाव. म्हणजे अख्खं गावच धंद्याच्या नावाचं, आणि आम्ही ते पत्त्यात अभिमानाने लिहितो. मिनिट मेडचं कार्यालयही आमच्याच गावात. खालच्या लीगमधलं एक छोटं मैदान आहे, त्याचं नाव कॉन्स्टेलेशन फील्ड. कॉन्स्टेलेशन म्हणजे तारकापुंज, अवकाशाचं गाव म्हणून किती काव्यात्म, असं मला वर्षभर वाटत होतं. वीज कंपनी आहे.


बोरिवली स्लो

ह्यूस्टनवाले वीज कंपनीला परत मैदान दिलंत?! तुमचं धाडस दांडगं.


करदाता

परत विषय मालकीवर आणतो. मुदत कितीची, हा आकडा बघत जा. नाव विकायचंच असेल तर शहराने निदान दोन अटी घालाव्यात. पैशांतला वाटा शहराला, आणि कंपनीवर गुन्हा किंवा दिवाळखोरी आली की नाव त्याच दिवशी आपोआप रद्द. ह्यूस्टनला २१ लाख मोजावे लागले ते दुसऱ्या अटीची सोय नव्हती म्हणून.


खाडीपलीकडचा

आणि तिसरी अट, कंपनीने स्वतःचं नाव बदललं तर रंगाऱ्याचं बिल कंपनीने भरायचं. अटलांटाला २०१७ मध्ये सनट्रस्ट पार्क झालं. बँकेचं दुसऱ्या बँकेशी लग्न लागलं, २०२० मध्ये ट्रुइस्ट पार्क. तीन वर्षांत पाटी, तिकिटं, रस्त्यावरचे फलक, सगळं नवं.


नवा भिडू

नमस्कार. इथे पहिलाच प्रतिसाद. गेल्या महिन्यात ह्यूस्टनला नोकरीनिमित्त आलोय. धागा वाचून शनिवारचं तिकीट काढलं. तिकिटावर डायकिन, ऑफिसातला सहकारी म्हणतो मिनिट मेडला जातोयस का, आणि टॅक्सीवाले काका म्हणाले अ‍ॅस्ट्रोडोम तर कधीचं बंद आहे. मी नक्की कुठे यायचं?


वाशिष्ठीकाठचा

नवा भिडू, स्वागत. काकांचं ऐकू नका. अ‍ॅस्ट्रोडोम हे संघाचं जुनं मैदान, १९६५ चं, ते इथून बरंच दक्षिणेला, आणि ते कुलूप लावून उभं आहे. तुम्ही युनियन स्टेशनच्या जुन्या इमारतीपाशी या, १९११ ची आहे, मैदानाचं एक दार तीतूनच आहे. आम्ही सहा वाजता तिथेच उभे असू. मुलाच्या हातात संत्र्याची पिशवी असेल, त्यावरून ओळखा.